ग्लेबावर आधी निचरा, मग कारखाना

फॅक्टोरियो हा कारखाने उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळता खेळता माणूस पक्का साठेबाज होतो. माल वाहून नेणारा बेल्ट लोखंडी पत्र्यांनी काठोकाठ भरून थांबलाय, मागची भट्टी गप्प उभी आहे, चार पेट्या तांब्यानं गच्च आहेत, एवढं दिसलं की आमच्यासारख्यांना शांत झोप लागते. भरलेला बेल्ट म्हणजे पुढचं यंत्र उपाशी राहणार नाही याची हमी. मूळ खेळ मी जवळपास चारशे तास याच हिशेबानं खेळले. जास्तीचं बनव, भरून ठेव, लागेल तेव्हा काढ. मग ‘स्पेस एज’मधला ग्लेबा नावाचा ग्रह आला आणि ही सगळी सवय अंगावर उलटली.

‘स्पेस एज’ हा फॅक्टोरियोचा विस्तार. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरनं तो २१ ऑक्टोबर २०२४ ला आणला, खेळाची २.० आवृत्ती आली त्याच दिवशी. मूळ खेळात अनोळखी ग्रहावर कोसळलेला इंजिनिअर हातानं खनिज खणण्यापासून सुरुवात करतो, कारखाना वाढवत नेतो आणि शेवटी रॉकेट उडवतो. रॉकेट उडालं की जिंकलात. विस्तारात रॉकेट उडतं तेव्हा खेळ कुठे सुरू होतो. एका फेरीत एक टन माल वर न्यायचा, कक्षेत प्लॅटफॉर्म बांधायचा, त्याला थ्रस्टर जोडले की झालं जहाज. वाटेत लघुग्रहांचे धोंडे आदळतात. ते फोडायला बंदुका लागतात, बंदुकांना गोळ्या लागतात, आणि गोळ्यांचं लोखंड त्याच धोंड्यांतून काढायचं. इंधनासाठीचा बर्फही त्यांतलाच. माझं पहिलं जहाज निम्म्या वाटेत गोळ्या संपून फुटलं, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

पुढे तीन ग्रह खुले होतात, कोणताही आधी घ्या. मी व्हल्कॅनस घेतला. तिथं लाव्हा आहे, लाव्ह्यातून थेट वितळलेलं लोखंड आणि तांबं निघतं, सौरऊर्जा भरपूर मिळते. डिमॉलिशर नावाचे प्रचंड किडे आपापली हद्द राखून असतात, त्यांच्या हद्दीत पाय ठेवला नाही तर तेही आपल्या वाटेला जात नाहीत. साठेबाजांचं माहेरच म्हणा. दुसरा फुलगोरा. रात्री विजा कोसळतात, त्याच पकडून अॅक्युम्युलेटरमध्ये भरायच्या. जमिनीतून खनिजाऐवजी भंगार निघतं आणि ते रिसायकलरमध्ये घातलं की बारा तऱ्हेच्या वस्तू बाहेर पडतात, हव्या त्याही आणि नको त्याही. नको त्या वस्तू पुन्हा रिसायकलरमध्ये घालून नाहीशा करायच्या. तिथं पहिल्यांदा फेकून द्यायला शिकले, पण मन लावून नव्हे. होल्मियम या तिथल्या धातूच्या पेट्या मात्र भरून ठेवल्याच.

ग्लेबा शेवटी ठेवला होता, कारण त्याच्याविषयी कोणी बरं बोलत नव्हतं.

उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे आपण रिकाम्या हातानं आलोय. ग्रहावरून ग्रहावर जाताना अंगावरचं चिलखत आणि शस्त्रं सोडली तर जवळ काही ठेवता येत नाही, सामान वेगळ्या रॉकेटनं आणावं लागतं. आजूबाजूला दलदल, धुकं, मांसल दिसणारी झाडं आणि सतत कसलातरी ओलसर आवाज. लोखंडाची खाण नाही, तांब्याची नाही. यूमाको आणि जेलीनट अशी दोन फळं आहेत. प्लास्टिकपासून रॉकेटच्या इंधनापर्यंत सगळं या दोन फळांतून काढायचं.

आणि फळं नासतात. तोडल्यापासून एका तासात. यूमाकोचा गर तीन मिनिटांत, जेली चार मिनिटांत. यंत्रांची गोष्ट आणखी वेगळी आहे. इथलं मुख्य यंत्र बायोचेंबर, ते विजेवर चालत नाही, त्याला न्यूट्रिएंट खायला घालावे लागतात, आणि न्यूट्रिएंट पाच मिनिटांत नासतात. नासलेल्या बहुतेक गोष्टींचा एकच तपकिरी लगदा होतो, त्याला खेळात स्पॉइलेज म्हणतात.

हे सगळं मी वाचलं होतं. तरी पहिल्या संध्याकाळी काय केलं? झाडं तोडली आणि चार स्टीलच्या पेट्या फळांनी भरल्या. म्हटलं, उद्या कारखाना उभा करू तेव्हा हाताशी माल असावा. कारखाना उभारायला दोन तास गेले आणि पेट्या उघडल्या तर चारही पेट्यांत नुसता लगदा. हसू आलं. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा आलं नाही.

मग मोठी रचना केली. दोन बेल्ट, एकावर यूमाको, दुसऱ्यावर जेलीनट, मध्ये बायोचेंबरची रांग, अगदी व्हल्कॅनसवर केली होती तशीच. वीस मिनिटं सुरेख चालली. मग शेवटच्या यंत्राची गरज भागली, बेल्ट भरला आणि थांबला. दुसऱ्या कुठल्याही ग्रहावर याला यश म्हणतात. इथं थांबलेल्या बेल्टवर फळं जागच्या जागी नासू लागली. लगद्यामागे ताजी फळं अडली, मग तीही नासली. गंमत म्हणजे इन्सर्टरच्या, म्हणजे बेल्टवरून माल उचलून यंत्रात टाकणाऱ्या यांत्रिक हाताच्या, हातात धरलेला गरसुद्धा हातातल्या हातात नासतो. यंत्र तो लगदा आत घेत नाही आणि इन्सर्टर बिचारा हात पुढे करून तसाच उभा राहतो, यंत्राच्या तोंडाशी. तेवढ्यात न्यूट्रिएंटही नासले, बायोचेंबर बंद पडली. न्यूट्रिएंट बनवणारंही बायोचेंबरच, त्यामुळे आता चालू कोणी कोणाला करायचं?

दादाला फोन केला. आम्ही दोघं एकाच वेळी पण आपापला खेळ खेळत होतो. तो फुलगोरावर रमला होता.

“दादा, सगळं बंद पडलं.”

“तार तुटली असेल कुठंतरी, बघ.”

“वीज आहे रे. न्यूट्रिएंट नाहीत.”

“मग बनव.”

“बनवायला न्यूट्रिएंट लागतात!”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सोड तो ग्रह. बाकीच्या दोनांवर भागव.” सोडता येत नाही. चौथ्या ग्रहावर, अॅक्विलोवर, जायला तिन्ही ग्रहांचे सायन्स पॅक, म्हणजे संशोधनात खर्च होणारा माल, लागतात. हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितल्यावर त्याचाही चेहरा उतरला असावा, कारण त्यानं फोन ठेवला.

पुढचे काही दिवस मी चुकीच्या टोकाला लागले होते. फळं कमी पडतात का, झाडं लावणारे-तोडणारे अॅग्रिकल्चरल टॉवर वाढवू का, न्यूट्रिएंटचा बेल्ट वेगवान करू का? सगळा विचार आवक वाढवण्याचा. प्रत्येक वेळी कारखाना आधीपेक्षा जोरात धावला आणि आधीपेक्षा लवकर तुंबला. तीनदा पूर्ण पाडून पुन्हा बांधला.

चौथ्यांदा बांधायला घेतलं तेव्हा कंटाळ्यानं का होईना, उलट्या बाजूनं सुरुवात केली. एकही बायोचेंबर ठेवण्याआधी बेल्टचं शेवटचं टोक बांधलं आणि तिथं हीटिंग टॉवर उभा केला. या टॉवरमध्ये लगदा जळतो, त्याच्या उष्णतेवर वाफ आणि वाफेवर वीज. बेल्टच्या शेवटाला जे पोचेल ते जाळायचं, ताजं असो की शिळं. म्हणजे बेल्ट कधी थांबणारच नाही. वाटेतल्या यंत्रांनी जाता जाता हवं ते उचलावं, उरलेलं आगीत. मग प्रत्येक बायोचेंबरला एक जादा इन्सर्टर लावला, त्याचं काम फक्त आत नासलेलं बाहेर काढायचं. थोडक्यात, आधी गटारं काढली आणि मग घर बांधलं.

पहिला अर्धा तास ते बघणंच जिवावर आलं होतं. इतका चांगला माल जळताना! हात शिवशिवत होते, शेवटाला एखादी पेटी लावावी म्हणून. नाही लावली.

यात एक बारकावा आहे आणि तो मला एका रात्रीच्या नुकसानीतून कळला. फळ अख्खं जाळायचं नाही. बी फळ फोडल्यावर मिळते, एका फळामागे २ टक्के शक्यतेनं. एका झाडाला ५० फळं. म्हणजे हिशेबानं झाडामागे बरोबर एक बी, ना नफा ना तोटा. फळं फोडायचं काम बायोचेंबरकडे दिलं तर त्याचं ५० टक्के जादा उत्पादन मिळतं, मग झाडामागे दीड बी. पण फळं न फोडताच जळू दिली तर बियाही गेल्या, आणि अॅग्रिकल्चरल टॉवर मोकळ्या मातीसमोर हात चोळत बसतो. माझं अख्खं यूमाकोचं शेत असं बसलं होतं. तेव्हापासून फळ आलं की आधी फोडायचं, जाळायचा तो गर.

लोखंडाचा प्रकार तर याच्या अगदी उलटा. लोखंडाचे जिवाणू वाढवायचे आणि ते एका मिनिटात ‘नासले’ की त्यांचं खनिज होतं. म्हणजे इथं ते नासण्याची वाट पाहायची. एकाच ग्रहावर एका बेल्टवर घड्याळाशी पळापळ आणि शेजारच्या पेटीत निवांत बसणं, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला मी मनातल्या मनात शिव्या आणि दाद एकदमच दिली.

मग अंडी. इथला सायन्स पॅक बायोफ्लक्स (गर आणि जेलीपासून बनतं ते) आणि पेंटापॉडच्या अंड्यापासून बनतो. पेंटापॉड म्हणजे इथले पाच पायांचे रहिवासी. आपली शेती हवेत बीजाणू सोडते आणि त्या वासावर ते येतात. पहिलं अंडं त्यांच्या घरट्यातून पळवून आणायचं, पुढे बायोचेंबरमध्ये एकाची दोन करत जायची. अंडं पंधरा मिनिटांत वापरलं नाही तर ते फुटतं आणि आतून जनावर निघतं. कारखान्याच्या मधोमध. मी फुलगोरावर काहीतरी दुरुस्त करत होते तेव्हा ग्लेबाची धोक्याची सूचना आली. दुरून पाहिलं तर न्यूट्रिएंट अडल्यामुळे अंड्यांची तिन्ही यंत्रं थांबलेली, आतली अंडी फुटलेली, आणि माझे सगळे टरेट, म्हणजे आपोआप मारा करणाऱ्या तोफा, बाहेरच्या बाजूला, शत्रू बाहेरून येणार म्हणून लावलेले. फुलगोराहून आणलेले टेस्ला टरेट नंतर मी अंड्यांच्या खोलीभोवती लावले, तोंड आतल्या बाजूला. जादा अंड्यांनाही हीटिंग टॉवरची वाट करून दिली.

एवढं झाल्यावर वाटलं सुटलो. सायन्स पॅक बनत होते, मिनिटाला तीसच्या आसपास. ते घरी, म्हणजे नॉव्हिस या मूळ ग्रहावर, पोचले की संशोधन मात्र कासवाच्या गतीनं. कारण हा पॅकही एका तासात नासतो आणि जितका शिळा तितका कमी उपयोगी. अर्धा शिळा पॅक अर्ध्याच कामाचा. माझं रॉकेट पूर्ण भरल्याशिवाय उडत नव्हतं आणि रॉकेटमध्ये हजार पॅक मावतात. मिनिटाला तीसच्या वेगानं हजार व्हायला ३३ मिनिटं. म्हणजे पहिले पॅक अर्धं आयुष्य जमिनीवरच काढत होते! वर जहाजालाही मी सांगून ठेवलं होतं, मागितलेला माल पूर्ण आल्याशिवाय हलायचं नाही. साठेबाजी कारखान्यातून गेली होती, वेळापत्रकात तशीच बसली होती. रॉकेटसाठी किमान मालाचा आकडा कमी केला, जहाजाला ठरावीक वेळ थांबून निघायला सांगितलं. अर्धं रिकामं रॉकेट उडताना बघायला अजून जड जातं, पण संशोधनाची पट्टी त्याच दिवशी सरकायला लागली.

बक्षीस मोठं आहे, हे मान्य करायला हवं. बेल्टवर एकावर एक चार वस्तू रचणारा स्टॅक इन्सर्टर इथूनच मिळतो. बायोलॅब ही नवी प्रयोगशाळाही इथल्याच संशोधनातून, ती सायन्स पॅक निम्मेच खर्च करते. तक्रार एकच. ग्लेबा एकदा बांधून विसरण्याचा ग्रह नाही, आणि बाकी सगळा खेळ मात्र तुम्हाला विसरून पुढे जायला सांगतो. अॅक्विलोवर थंडीनं यंत्रं गोठतात म्हणून मी उष्णतेचे पाइप टाकत होते, तरी दर थोड्या वेळानं एक डोळा ग्लेबाकडे होताच. अॅक्विलो त्या मानानं मला सरळ वाटला. तिथं गोठतं ते निदान गोठून राहतं.

सौरमालेच्या कडेपर्यंत जहाज नेलं, खेळ रीतसर जिंकला. त्यानंतर एकदा सहज ग्लेबावर नजर टाकली तर काहीतरी अडून सगळी बायोचेंबर थंड पडली होती. या वेळी मात्र घाम फुटला नाही. दलदलीच्या कोपऱ्यात पहिल्या संध्याकाळच्या त्या चार पेट्या अजून तशाच होत्या, लगद्यानं भरलेल्या, कारण रिकाम्या करायचा कंटाळा केला होता. लगदा आणखी नासत नाही. आणि दहा लगद्यांतून एक न्यूट्रिएंट, हे साधं विजेवरचं असेंब्लर यंत्रही बनवतं. रोबोटांकडून त्या पेट्यांशेजारी एक असेंब्लर बसवून घेतलं, तिथून बायोचेंबरपर्यंत बेल्ट ओढला. पाचेक मिनिटांत पहिलं बायोचेंबर धडधडायला लागलं.

दादाला कळवलं. तो अजून फुलगोरावरच आहे.