शरण येण्याचा परवाना
आज पुण्यात जुन्या नोटा-नाण्यांच्या प्रदर्शनात एका कागदापाशी पाय थबकले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मन सैनिकांवर विमानातून टाकलेलं 'पासीरशाइन', म्हणजे शरण येण्याचा परवाना.

नोटेवर असते तशी बारीक नक्षी, अमेरिका-ब्रिटनची राजचिन्हं, खाली दोस्त फौजांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांची सही. शिवीगाळ नाही, धमकी नाही. मजकूर असा: हा सैनिक मनापासून शरण येतोय. त्याचं शस्त्र काढून घ्या, नीट वागवा, जेवण आणि औषधपाणी द्या, लवकरात लवकर धोक्याच्या जागेवरून हलवा, एवढंच. मजकूर जर्मनसोबत इंग्रजीतही, कारण समोरच्या पहारेकऱ्याला तो वाचता आला पाहिजे. हे मला फार भावलं. कागद शत्रूसाठी, पण आज्ञा आपल्याच माणसांना! (आणि तो खिशात सापडला तर जर्मन सैनिकाची त्याच्याच अधिकाऱ्यांकडून गय नव्हती.)

१९७१ च्या युद्धात आपले लष्करप्रमुख माणेकशॉंनीही पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला पत्रकांतून आणि आकाशवाणीवरून हेच सांगितलं होतं: शरण या, युद्धकैद्यांना नीट वागवण्याच्या जिनिव्हा करारानुसार वागवू. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेनापती नियाझींनी शरणागतीवर सही केली, सुमारे ९३,००० जण ताब्यात आले. दिलेला शब्द आपण पाळला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.