जुनी रेडियल आर्म सॉ घ्यायची का नाही? माझा अनुभव

अमेरिकेत जुनी इंडस्ट्रियल मशिनं फार स्वस्तात जातात. शाळांची वुडशॉप बंद होतात, छोट्या लाकडाच्या वखारी बंद होतात, आणि तीनतीनशे किलोची ओतीव लोखंडाची मशिनं भंगारापेक्षा थोड्या वरच्या भावात निघतात. मी न्यू जर्सीत राहतो, गॅरेजमध्ये लाकूडकाम करतो, आणि पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीतली एक वखार बंद होतेय, तिथली १६ इंची (म्हणजे पात्याचा व्यास १६ इंच) रेडियल आर्म सॉ ९०० डॉलरला द्यायचीय असं कळलं. त्यानंतर ती घ्यायची का नाही हे ठरवायला मला बराच वेळ लागला, आणि त्या वेळात जे काय बघितलं, विचारलं, मोजलं ते इथं लिहितोय, कारण मराठीत या मशीनबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

ज्यांनी ही बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाच्या मागं एक जाड खांब, खांबावरून पुढं आलेला आडवा लोखंडी हात, त्या हाताखाली रुळांवर लटकलेली मोटर, आणि मोटरच्याच शाफ्टवर पातं. टेबल सॉवर आपण लाकूड पात्याकडं ढकलतो. इथं लाकूड फेन्सला, म्हणजे टेबलावरच्या मागच्या सरळ आडव्या पट्टीला, टेकवून ठेवायचं आणि चालू करवत हँडल धरून आपल्याकडं ओढायची. १६ फुटी ओली फळी एकट्यानं टेबल सॉवर आडवी कापायचा प्रयत्न ज्यानं केलाय त्याला यातली मजा लगेच कळेल.

मला ती कशाला हवी होती? आमच्या मराठी मंडळाचं नेपथ्य बरीच वर्षं मी बघतो, म्हणजे गणपतीचं मखर आणि नाटकाचे सेट. शिवाय सुट्टीत परगोला आणि बागेतल्या शेड बांधून देतो. सेटमध्ये सगळ्यात जास्त वेळ खातात त्या लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचे पायांचे चौथरे. एका लेव्हलला सहा पाय, अशा दहा-बारा लेव्हल, आणि सगळे पाय एकाच मापाचे लागतात, एखादा पाय सूतभर जरी कमी पडला तरी नट उभा राहिला की लेव्हल डुगडुगते आणि तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज जातो. स्लायडिंग मायटर सॉवर, म्हणजे वरून खाली दाबून आडवे काप मारायच्या छोट्या करवतीवर, हे काम होतं, नाही असं नाही, पण परगोलाचे जाड वासे उभे धरले की तिथं एका दमात आरपार जात नाही, पलटी करून दुसऱ्या बाजूनं कापावं लागतं आणि दोन कापांच्या मध्ये पायरी राहते. १६ इंची रेडियल आर्म साधारण ५ इंच खोल जाते. शिवाय अर्धी खाच मारून दोन वासे एकमेकांत बसवायचे असतील तर पातं वर घेऊन खाच मारता येते, आणि रेघ वरून समोर दिसते, ही फार मोठी गोष्ट आहे.

या मशीनचं आणि त्या भागाचं नातं जुनं आहे. रेमंड डिवॉल्टनं १९२२ साली न्यू जर्सीतल्याच ब्रिजटनमध्ये ही करवत बनवली आणि १९२४ मध्ये लँकेस्टर काउंटीतल्या लिओला गावी कंपनी काढली. आज पिवळ्या ड्रिलवर जे नाव दिसतं ते हेच. १९४९ मध्ये कंपनी एएमएफ या अमेरिकन उद्योगसमूहानं घेतली, १९६० मध्ये ब्लॅक अँड डेकरनं. आता आयोवातल्या ब्रिट गावची ओरिजिनल सॉ कंपनी त्याच घराण्यातल्या इंडस्ट्रियल करवती बनवते. हा इतिहास कौतुकासाठी सांगत नाहीये. जुनं मशीन घेताना पहिला प्रश्न पार्ट मिळतात का हा असतो, आणि त्याचं उत्तर या इतिहासात आहे, त्या घराण्याच्या करवती बनवणारी कंपनी अजून आहे.

इथं एक फरक नीट समजून घ्या. घरगुती रेडियल आर्म सॉ ही वेगळी जात आहे. सीअर्स या दुकानांच्या साखळीनं क्राफ्ट्समन नावानं लाखो विकल्या, त्यातल्या १९५८ ते १९९२ मधल्या एमर्सन कंपनीच्या बनावटीच्या ८¼, ९ आणि १० इंची करवतींचा २००० साली रिकॉल निघाला, सुमारे ३७ लाख मशिनं, कारण गार्ड पुरेसा झाकत नव्हता. या मशीनचं नाव खराब झालं ते बरंचसं या घरगुती करवतींमुळं असं माझं मत आहे. त्यांचा हात हलका, एकदा काटकोनात लावली की पुढच्या कामापर्यंत टिकेल याची खात्री नाही. पण म्हणून इंडस्ट्रियल करवत सुरक्षित असं अजिबात नाही, पात्याची दिशा दोन्हीकडं तीच.

आणि खरी भीती त्या दिशेचीच आहे. करवत ओढताना पातं लाकडावर चढायला बघतं, म्हणजे ते स्वतःच तुमच्याकडं पळत येतं. तुम्ही ओढायचं काम नाही, मागं रोखून धरायचं काम आहे, हात ताठ ठेवून. टेबल सॉचं पातं यावर लावलं की ते दात पुढं झुकलेले असल्यामुळं लाकूड खेचून घेतं आणि मोटर अडकते नाहीतर अंगावर येते. याला दात मागं झुकलेलं, म्हणजे निगेटिव्ह हुक असलेलं पातं लागतं, उणे ५ अंशाच्या आसपासचं. १६ इंची पातं ३,४५० आरपीएमवर फिरतं तेव्हा दाताचा वेग सेकंदाला ७० मीटरच्या वर जातो, त्यामुळं पात्यावर छापलेला कमाल आरपीएम वाचल्याशिवाय लावायचं नाही. उभं चिरायचं काम, म्हणजे रिपिंग, यावर होतं पण मी ते करायचंच नाही असं पहिल्या दिवशी ठरवलं. चुकीच्या बाजूनं फळी घातली तर ती बाणासारखी सुटते. चिरायला टेबल सॉ आहे.

ओशाचा, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याचा, १९१०.२१३ हा नियम वाचून काढला. माझ्या गॅरेजला तो लागू होत नाही, पण शहाण्या माणसांनी लिहिलेलं आहे. पात्याचा वरचा भाग आर्बरच्या (ज्या शाफ्टवर पातं बसतं त्याच्या) टोकासकट झाकलेला हवा, खालच्या भागाला लाकडाच्या जाडीप्रमाणं आपोआप वरखाली होणारा गार्ड हवा, करवत गरजेपेक्षा पुढं येऊ नये म्हणून स्टॉप हवा, आणि मशीन पुढून किंचित उंच बसवायचं म्हणजे हँडल सोडलं की करवत आपली आपण मागं जाते. हे शेवटचं वाचून मी थक्क झालो, इतका साधा उपाय.

आमच्या मंडळात एक काका आहेत, इलेक्ट्रिकल इंजिनियर, आता रिटायर झालेत. त्यांना नेमप्लेटचा फोटो पाठवला. ५ एचपी, थ्री फेज, २२०/४४०. काका म्हणाले, "अरे, आधी मोटर बघ. बाकी सगळं लोखंड आहे, ते कुठं जात नाही." आणि ते अगदी खरं निघालं, कारण या मशीनची मोटर म्हणजे बाजारातली साधी मोटर नाही. ती बसकी, खास आकाराची, तिच्याच शाफ्टवर पातं आणि तिच्याच अंगावर गार्ड. जळली तर दुसरी आणून लावता येत नाही, रिवाइंडिंगच करावं लागतं, आणि अमेरिकेत रिवाइंडिंगला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात कोणी ही अख्खी करवत विकत असेल.

दुसरा मुद्दा वीज. इथं घरात थ्री फेज येत नाही, २४० व्होल्ट सिंगल फेज येते. मग सिंगल फेजवरून थ्री फेज बनवायला एकतर फिरता रोटरी फेज कन्व्हर्टर किंवा व्हीएफडी, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. नेमप्लेटवर २२० होतं म्हणून जमलं. नुसतं ४४० किंवा ५७५ असतं तर ट्रान्सफॉर्मरही लागला असता आणि मी तिथंच विषय बंद केला असता. काकांनी सांगितलं की सिंगल फेज इनपुटवर ड्राइव्ह निम्म्या क्षमतेचाच धरायचा, म्हणून ५ एचपीला १० एचपीचा ड्राइव्ह. आणि मशीनवरचं जुनं स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये ठेवायचं नाही, ड्राइव्ह चालू असताना मधेच सर्किट तुटलं तर ड्राइव्ह जातो. मोटर थेट ड्राइव्हला आणि चालू-बंदची बटणं ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला.

बघायला गेलो तेव्हा काका सोबत आले, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) घेऊन. वखारीचे मालक सत्तरीचे गृहस्थ, ही करवत त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आणि तिच्यावर काय काय कापलं ते सांगायला त्यांना उत्साह होता. घाई केली नाही त्यांनी. आमच्या आधी एक आमिश सुतार बघून गेला होता (आमिश म्हणजे तारेवरची वीज टाळणारा ख्रिश्चन पंथ). त्या भागातल्या आमिश वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनावर हायड्रॉलिक नाहीतर हवेच्या दाबानं मशिनं चालवतात, म्हणजे त्याला मोटर कशीही असली तरी चालणार होती, त्याला लोखंडच हवं होतं. आमचं उलट.

काकांनी वायर सोडवून वाइंडिंग आणि बॉडीमध्ये मेगर लावला, ५०० व्होल्टला रीडिंग ५० मेगओमच्या वर. इतक्या जुन्या मोटरला उत्तम. मग चालू केली. आवाज एकसारखा, बंद केल्यावर पातं कितीतरी वेळ फिरत राहिलं, आणि शेवटी शेवटी एक बारीक खरखर ऐकू आली. बेअरिंग. बेअरिंग बदलता येतात, ते मी खर्चात धरलं.

त्यानंतर माझं काम. आधी वीज तोडली. हाताच्या टोकाला डायल गेज लावून बाजूनं अंगठ्यानं जोरात दाबलं, काटा पाच थाऊ (इंचाचे पाच हजारांश) सरकला आणि सोडल्यावर शून्यावर आला. परत येणं महत्त्वाचं. न येता तिथंच राहिला असता तर खांबात खेळ आहे असं समजायचं. मोटर दोन्ही हातांनी धरून हलवली, बेअरिंगच्या चाकांत खेळ होता पण ती ॲडजस्ट होतात. हाताच्या आतले रूळ मात्र बोट फिरवून तपासा. तिथं ग्रीस आणि भुशाचा काळा थर बसलेला असतो, तो खरवडला आणि नखानं चाचपलं, खड्डा लागला नाही. तिथं खड्डे असते तर मी फुकटसुद्धा घेतली नसती, कारण करवत दर वेळी त्याच जागी अडखळणार.

शेवटी कापून बघितलं. १८ इंच रुंद प्लायवूडचा तुकडा आडवा कापायचा, एक भाग पालथा करायचा आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकांना भिडवायच्या, मागं सरळ पट्टी ठेवून. फट दिसली तर ती चुकीच्या दुप्पट असते. गुण्या लावून बघण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. फट कागदाएवढी होती, आणि ती हात काटकोनात आणून जाणार होती. कडेवर एका बाजूलाच खरखरीत ओरखडे होते, म्हणजे पातं हाताला समांतर नाही, तेही जुळवता येतं.

नव्हता तो खालचा गार्ड. वखारीत कधीतरी काढून टाकला होता आणि कुठं गेला कोणाला माहीत नाही. टेबलही कुजलेलं, पण टेबल तसंही नवीन करायचं असतं.

घरी येऊन हिशोब मांडला. मशीन, ड्राइव्ह, परवानावाल्या इलेक्ट्रिशियनकडून ५० अँपचं सर्किट, बेअरिंग, पातं, गार्ड, ट्रेलर आणि उचलायला भाड्याचं यंत्र. ९०० ची करवत २,८०० च्या घरात गेली. हा आकडा बघून माझा विचार एकदा पूर्ण बदलला होता, कारण एवढ्यात चांगली नवीन मायटर सॉ, स्टँड आणि वर पैसे उरतात. मग मी उलट बाजूनं बघितलं, की गेल्या दोन वर्षांत मी काय काय कापलं. वह्या काढल्या. पातळ मोल्डिंग, फ्रेम, अँगलचे काप जवळजवळ नाहीत. सगळं आडवं, जाड, लांब आणि एकाच मापाचं. तिथं माझं ठरलं. तुमची वही फर्निचरची किंवा फोटोफ्रेमची असेल तर ही करवत कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका, जागा जाईल आणि काम त्याच जुन्या मायटर सॉवर होत राहील.

बायकोची एकच अट होती, मुलगी गॅरेजमध्ये सायकल ठेवायला येते, तेव्हा मशीन चुकूनही चालू होता कामा नये. भिंतीवरच्या डिस्कनेक्टला, म्हणजे मशीनची वीज तोडणाऱ्या स्विचला, कुलूप लावलं, किल्ली घरात. ही अट मला स्वतःला सुचायला हवी होती इतकी बरोबर आहे.

मालकांना गार्डचं आणि बेअरिंगचं दोन्ही सरळ सांगितलं, ते ६५० ला तयार झाले आणि फोर्कलिफ्टनं ट्रेलरवर चढवूनही दिली. नेताना हात खांबावरून काढून वेगळा बांधला, खांबावर ताण नको म्हणून.

जोडताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. पातं लावायच्या आधी मोटर नुसती चालवून दिशा बघा, थ्री फेजच्या कुठल्याही दोन वायर उलटसुलट झाल्या की ती उलटी फिरते. आणि ड्राइव्हमध्ये थांबायचा वेळ फार कमी ठेवू नका, मोटर झटकन थांबली तर पात्याचं वजन त्याला धरणारा नट सैल करू शकतं. माझा नट उलट्या आट्याचा आहे, मी थांबायला दहा सेकंद ठेवलेत.

मंडळाच्या पुढच्या नाटकाचे लेव्हलचे पाय यावरच कापले, स्टॉप लावून, एका वेळी तीन-तीन वासे शेजारी ठेवून. सगळे पाय सपाट फरशीवर उभे करून वर पट्टी ठेवली, कुठंच प्रकाश दिसला नाही. भुशाचं मात्र अजून जमलेलं नाही, १६ इंची पातं मागं जो झोत फेकतं त्याला माझा ४ इंची पाइप पुरत नाही, ६ इंचीची लाइन टाकतोय आणि फेन्सच्या मागं पत्र्याचा रुंद हूड बसवतोय.