स्टिअरिंगच्या कामासाठी घरचं वेल्डिंग मशीन: मिग घेणार होतो, आर्क घेतलं

चिपळूणला घरामागच्या शेडमध्ये माझी जुनी महिंद्रा सीजे-3बी जीप उभी असते हे इथे वाचणाऱ्यांना माहितीये. तिचं स्टिअरिंग म्हणजे मधे तो बेल क्रँक (ओढ एका दांड्यावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा), त्याच्या पिना झिजल्या की चाक चार बोटं फिरवलं तरी गाडी सरळच. दोन वेळा बुश बदलले, परत तेच. शेवटी ठरवलं की बोलेरोचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स बसवायचा, खूप जण बसवतात. आणि बॉक्स बसवायचा म्हणजे चेसिसवर प्लेट, ब्रॅकेट, सगळं वेल्डिंगचं काम आलं, म्हणून म्हटलं आता घरी मशीन घेऊनच टाकू.

डोक्यात मिगच होतं, म्हणजे रिळावरची वायर आपोआप पुढे सरकते आणि नळकांड्यातला गॅस वेल्डिंगला हवेपासून वाचवतो ते. व्हिडिओत बघतो ना आपण, नाणी लावून ठेवल्यासारखा सुबक बीड (वेल्डिंगची ओळ), आर्कसारखी, म्हणजे हातात रॉड धरून मारायच्या साध्या वेल्डिंगसारखी, खपली काढायची भानगड नाही, रॉड चिकटत नाही. एका मित्राकडे छोटं सिंगल फेज मिग आहे, 0.8 एमएमची वायर आणि CO2 चं नळकांडं, ते चार दिवस उसनं आणलं आणि सहा एमएमच्या दोन पट्ट्या टी सारख्या उभ्या करून एका बाजूने बीड मारला. काय दिसत होता! बायकोला बोलवून दाखवला.

मग नाक्यावरचे फॅब्रिकेशनवाले काका आले होते चहाला, त्यांनी काही न बोलता तो तुकडा व्हाइसमधे धरला आणि उभ्या पट्टीवर हातोडी मारली, बीडच्या बाजूला झुकेल अशी, म्हणजे मूळ उघडं पडतं. दुसऱ्या घावाला बिस्किटासारखा सुटला. आणि आत बघितलं तर खालच्या पट्टीवर माझ्याच ग्राइंडरचे ओरखडे जसेच्या तसे! म्हणजे वायर वितळली, वरून पसरली, पण प्लेट वितळलीच नव्हती. छोट्या मिगचा हाच घोळ आहे, कमी करंटवर वायर टपटप टेकून वितळते, पातळ पत्र्याला ते एकदम बेस्ट, पण जाड गार प्लेटवर माल नुसता वर बसतो आणि वरून बघून काहीच कळत नाही. बॉडीचा पत्रा असता तर चाललं असतं, स्टिअरिंग बॉक्सच्या खाली ते नको.

मिग वाईट असं नाही म्हणत मी. मोठं मशीन, नीट सेटिंग, मारणाऱ्याचा हात बसलेला, तर गाड्यांच्या कारखान्यात तेच वापरतात. पण माझ्यासारख्या रविवारच्या वेल्डरला ते फसवतं. आर्कचं कसं, वाईट मारलं तर वाईटच दिसतं. शिवाय माझी शेड तीन बाजूंनी उघडी, वारा आला की गॅस उडून जातो आणि बीडला भोकं पडतात, आणि नळकांडं संपलं की भरून आणायची वणवण वेगळीच. गॅसशिवायची फ्लक्स कोअर वायर मिळते, वाऱ्याला ती बरी, पण छोट्या मशीनला जाड प्लेटवरचा प्रॉब्लेम तिथेही सुटत नाही.

मग घेतलं आयजीबीटी इन्व्हर्टर (हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन) आर्क, डीसी, 200 अॅम्पियर लिहिलेलं, दहा हजाराच्या आतबाहेर. लिहिलेलं म्हणतोय कारण डब्यावर काहीही छापतात. दुकानात एक गणित करून बघा. आर्कचं व्होल्टेज साधारण 20 अधिक करंटच्या 0.04 पट धरतात, म्हणजे 200 अॅम्पियरला 28 व्होल्ट, म्हणजे नुसतं आउटपुटच 5.6 किलोवॉट. आणि मागच्या पट्टीवर इनपुट 4 केव्हीए, म्हणजे फार तर 4 किलोवॉट, लिहिलं असेल तर ते 200 कुठून देणार? दुकानदाराला विचारलं तर म्हणाला साहेब सगळेच असं लिहितात. दुसरं म्हणजे ड्युटी सायकल, 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं मारायचं आणि चार मिनिटं थांबायचं, ते कुठल्या करंटला ते बघा. घरच्या कामात प्लेट जुळवण्यातच इतका वेळ जातो की हे फारसं आडवं येत नाही.

आडवी येते ती लाईट. दहा नंबरचा रॉड, म्हणजे 3.15 एमएम, 110 अॅम्पियरला चालवला तर आर्कलाच पावणेतीन किलोवॉट जातात, मशीनमधला लॉस आणि पॉवर फॅक्टर धरून भिंतीतून 20 अॅम्पियरच्या आसपास ओढतं. घरातला गिझरचा 16 चा प्लग त्याला पुरत नाही, पहिल्या दिवशी प्लग हाताला चटका बसेल इतका तापला. मीटरपासून वेगळी 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि 32 चा एमसीबी टाकून घेतला. आणि संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज 190 वर येतं तेव्हा मशीन रुसतं, म्हणून वेल्डिंग सकाळी.

रॉडबद्दल. कुठल्याही हार्डवेअरमधे मिळतो तो 6013, गेट-ग्रिलचा रॉड, छान चालतो. स्टिअरिंगच्या प्लेटला मी 7018 घेतला, ताकद जास्त आणि मुख्य म्हणजे लो हायड्रोजन, बीडखाली नंतर चीर जायची भीती कमी. पण कधी? रॉड कोरडा असेल तर, कारण हायड्रोजन येतो ओलाव्यातूनच! कोकणात जून ते सप्टेंबर मीठसुद्धा पाणी सोडतं तिथे 7018 चं पाकीट उघडं ठेवलं की संपलं. माझ्या पाकिटावर 250 अंशाला तासभर भाजा असं लिहिलंय, आमच्या आईने ओटीजीला हात लावू दिला नाही. (बरोबरच आहे म्हणा.) आता छोटी पाकिटं आणतो, उघडलं की त्याच दिवशी संपवतो, आणि हे काम पाऊस गेल्यावरच काढलं. सुरुवातीला हा रॉड चिकटतो फार, आर्क अगदी जवळ ठेवायचा, हळूहळू हात बसतो. मी आधी भंगारच्या पट्ट्यांवर दोन किलो रॉड जाळले आणि काकांच्या हातोडीने प्रत्येक तुकडा मोडून बघितला. पट्टी वाकून आडवी झाली आणि बीड तसाच राहिला, असे लागोपाठ पाच तुकडे झाले तेव्हाच गाडीला हात लावला.

आणि गाडीला म्हणजे फक्त चेसिसला. सहा एमएमची प्लेट, टोकं निमुळती कापलेली, म्हणजे बीड चेसिसला सरळ उभा कापत जात नाही, नाहीतर तिथूनच तडा जातो. बॉक्सचे बोल्ट चेसिसच्या आरपार जातात तिथे आत जाड पाइपच्या स्लीव्ह टाकून त्या वेल्ड केल्या, नाहीतर बोल्ट आवळला की पोकळ चेसिस चेपतो आणि बोल्ट कायम ढिला. अर्थचा चिमटा बीडच्या शेजारी लावला, लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. बॅटरी काढलेली, आल्टरनेटरच्या वायरी सोडलेल्या, पाण्याची बादली आणि वाळू बाजूला.

ड्रॅग लिंक, पिटमन आर्म, नकल, स्टिअरिंगचा रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे आणि सांधे, यांना मी वेल्डिंग मारलेलं नाही आणि मारणार नाही. फोर्ज केलेला आर्म वेल्डिंगने बीडच्या कडेला काचेसारखा कडक होतो, आणि तो तुटला की तुमच्या हातात नुसतं गोल चाक उरतं. ड्रॅग लिंक लेथवाल्याकडून आख्ख्या बारची, दोन्ही टोकांना आटे पाडून घेतली, स्टिअरिंगच्या रॉडला स्प्लाइनचा (खाचांत खाच बसणारा) जॉइंट आणि आरपार बोल्ट. लेथवाला म्हणत होता, "दादा, पाइप जोडून देतो की, निम्म्यात होईल." नको म्हटलं.

कायद्याचंही सांगून ठेवतो, मोटर वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. माझी जीप आमच्या बागेत आणि डोंगराच्या खाजगी वाटेवर फिरते, तुमची हायवेवर जात असेल तर आधी आरटीओत विचारा.

हो, आणि काच आपोआप काळी होणारा हेल्मेट मशीनबरोबरच घ्या. टॅक (तुकडा जागेवर धरायचा टिपका) मारताना "एकच तर आहे" म्हणून डोळे मिटून मारले होते मी, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं, आणि घरात सगळे बटाट्याच्या चकत्या घेऊन उभे.

बीडवर मुद्दाम पांढरा रंग मारलाय, चीर गेली तर गंजाची रेष लगेच दिसावी म्हणून. तीन वेळा डोंगर चढून आली, रेष नाही. एक बोल्ट मात्र पाव आटा ढिला मिळाला, नेमका तोच ज्याची स्लीव्ह मी अर्धा एमएम आखूड कापली होती. ती परत करायचीये.