सराव-नोंद: एकच धुकं, चार अलंकार

या सुगीत सरावाला एकच साधं विधान धरलं: 'येळ्ळूरच्या शिवारात धुकं पसरलंय.' उपमा, उत्प्रेक्षा, रूपक आणि अपन्हुती या चौघांतून तेच फिरवायचं.

उपमान, म्हणजे ज्याची उपमा द्यायची ती गोष्ट, शोधायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. पिंजलेला कापूस लगेच सुचतो, पण त्याचं धुक्याशी नातं रंगापुरतं. धुकं सरकतं, विरतं, अंगाला चिकटतं. साधारण धर्म, म्हणजे दोन्हींत सारखा असलेला गुण, असा नीट मांडून घेतला आणि भाताच्या खळ्यावर उडणारं भूस डोळ्यांसमोर आलं.

उपमा: धुकं खळ्यावरच्या भुसासारखं पसरलंय.
उत्प्रेक्षा: धुकं म्हणजे जणू खळ्यावर उडालेलं भूसच.

रूपकात नुसता 'जणू' काढून भागत नाही. एकदा धुक्याला भूस म्हटलं की खळं कोणाचं, उफणतंय कोण, हेही सांगावं लागतं. म्हणून: आभाळ हे खळं, धुकं हे भूस, आणि वारा उफणायला उभा.

अपन्हुती मला सगळ्यांत आवडली: 'हे धुकं नव्हे, आभाळानं रात्रभर केलेल्या मळणीचं भूस आहे.' इथं उपमेय, म्हणजे जिचं वर्णन चाललंय ती मूळ गोष्ट, सरळ नाकारायचं असतं, त्यामुळे उपमान कच्चं असेल तर वाक्य तिथंच कोसळतं. कापूस घालून बघा, लगेच कळेल.

पावसाळ्यापासून अडलेलं 'मलप्रभेला पूर आला' हे विधानही सुटलं. इथं उपमान शोधण्यापेक्षा चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागवणं, बरी वाटली: 'कणकुंबीहून पोरसवदा निघालेली मलप्रभा खानापुरात येईतो थोराड झाली.' नदीचा उगम आणि वाट माहीत असली की असं वाक्य आपसूक जुळतं.

आणखी एक: लक्षणा, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ जुळत नसला की त्याला धरून दुसरा अर्थ घेणं, शोधायला लांब जायला नको. 'आख्खं येळ्ळूर जत्रेला लोटलं' असं आपण सहज बोलतो. गाव जागचं हलत नाही, मुख्यार्थाला बाधा येते, म्हणून गाव म्हणजे गावातली माणसं असा अर्थ घ्यायचा. अशी घरातली वाक्यं मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतोय, कारण सरावाला ती पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा जास्त कामाला येतात.

आता व्यतिरेक. उपमेयाला उपमानापेक्षा वरचढ ठरवायचं असतं. विधान ठरलंय: 'निपाणीच्या वखारीत तंबाखूचा वास उग्र आहे.' उग्रपणात त्याच्या खालोखाल ठरेल असं उपमान अजून हाती लागलेलं नाही. मिरचीची धुरी सुचली होती, पण ती नाकापेक्षा घशाला जास्त लागते. कोणाला दुसरं सुचलं तर जरूर कळवा.