मिरजेत चाकूचा आवाज ऐकवायला

मिटणारे, दोन-तीन-चार पात्यांचे, हाताने घडवलेले चाकू मी गेली बारा वर्षं जमवतोय. त्यातला सगळ्यात लाडका खिशात घालून परवा साताऱ्याहून सकाळच्या गाडीत बसलो. इंग्लंडातल्या शेफिल्डचा, तीन पात्यांचा, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा; आजोबांनी फौजेतून येताना आणलेला. (सांबरशिंगाच्या किंवा हस्तिदंती मुठीचा चाकू कुणी विकायला आणला तर मी हात लावत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात तो व्यवहार बसत नाही, आणि तेच योग्य आहे.) त्याचं लहान पातं मिटताना 'खट्' वाजायचं. गेल्या पावसाळ्यापासून नुसतं 'थप्' व्हायला लागलं होतं.

धार आहे ना, मग झालं, असं घरचे म्हणतात. पण धार कुणीही लावून देतो. कारागिराचा हात कळतो तो पाठीतल्या स्प्रिंगवर; पातं खटकन ओढून मिटवते ती तीच. माझ्या चाकूत पाती तीन आणि स्प्रिंगा दोनच, म्हणजे दोन पाती एकाच स्प्रिंगवर नांदतात. पातं उघडं असो की मिटलेलं, स्प्रिंग मुठीच्या पाठीशी सपाट बसली पाहिजे; वरून बोट फिरवलं तर अडखळता कामा नये. शेजारची पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून ती मुळाशी किंचित वाकवलेली असतात. आणि स्प्रिंगला पाणी देणं सगळ्यात अवघड. लाल तापवून विझवली की पोलाद कडक होतं, पण ठिसूळही. मग पुन्हा हलकं तापवायचं आणि निळी झाक आली की थांबायचं. जरा जास्त झालं तर स्प्रिंग मऊ पडते, कमी झालं तर एक दिवस तुटते. शेफिल्डचे स्टॅन शॉ १९४१ मध्ये, चौदाव्या वर्षी या कामाला लागले आणि नव्वदीपर्यंत करत राहिले. २०२१ मध्ये ते गेले.

कराड, किर्लोस्करवाडी, सांगली मागे टाकत मिरजेत उतरलो. मिरजच का? तर इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार-पाणी करणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटत गेलं आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे घडवायला घेतले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एखाद्या घरात आजोबा-पणजोबांचा चाकू निघेल, अशी आशा होती.

चाकू काही मिळाला नाही. एका दुकानात मात्र एक वयस्क चाचा तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा माथा, घासून काढत बसले होते. कानशीचा एक हलका हात, मग तार छेडून ऐकायचं, मग पुन्हा एक हात. मी तासभर हललो नाही. शेवटी धीर करून चाकू पुढे केला.

"चाचा, जरा याचा आवाज ऐकता का?"

त्यांनी तो डोळ्यांसमोर धरलाच नाही, कानाशी नेला. तिन्ही पाती एकेक करून उघडली, मिटली. लहान पातं दोनदा.

"स्प्रिंग चांगली हाय ओ. सांध्यात मळ बसलाय, त्यानं बोल दबलाय."

तारेखाली जवारीवर घालतात तो सुताचा दोरा त्यांनी शिलाई मशीनच्या तेलात भिजवला, पातं अर्धं उघडलं आणि दोरा सांध्यातून खाली-वर ओढला. काळाकुट्ट निघाला. दुसराही तसाच. पाचवा दोरा पांढरा आला. मग पातं मिटलं, आणि खट्! चाचा पुन्हा कानशीकडे वळले. पैसे घेतले नाहीत, वर हातभर दोरा दिला.

परतीच्या गाडीत भिलवडीला पेरू घेतले. पातं पुसून पेरू कापला, समोरच्या आजींना फोड दिली. चाकू मिटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या मालकांचा असाच वाजायचा. चार पात्यांचा होता."

"आहे अजून?"

"माळ्यावर असंल. या की बघायला," असं म्हणत त्या ताकारीला उतरल्या.

येत्या रविवारी ताकारीला जातोय. दोरा बरोबर घेतलाय.