सायलेन सोडण्याआधीचा तास

नॅनोवायर, म्हणजे सिलिकॉनच्या अतिबारीक तारा, नीट उगवल्या नाहीत की संशय आधी सायलेनच्या (सिलिकॉन पुरवणाऱ्या वायूच्या) फ्लोवर जातो. बहुतेक वेळा घोळ त्याच्या आधीच झालेला असतो, वेफर (सिलिकॉनची चकती) धुताना.

तारा उगवण्यासाठी वेफरवर आधी सोन्याचा पातळ थर देतात. सोनं १०६४ अंशांना वितळतं, सिलिकॉन १४१४ ला. पण दोघं एकत्र आले की ३६३ अंश सेल्सिअसलाच रस होतो, त्यात साधारण १९ टक्के अणू सिलिकॉनचे. सायलेन या थेंबावर फुटतो, त्यातलं सिलिकॉन थेंबात विरघळतं, आणि मावेनासं झालं की खालच्या स्फटिकावर बसतं. थेंब वर सरकतो, खाली तार राहते. वॅग्नर आणि एलिस या संशोधकांनी १९६४ मध्ये हे मांडलं. मात्र थेंब आणि वेफर यांच्यामध्ये एक-दोन नॅनोमीटर ऑक्साइड जरी उरला, तरी खालच्या स्फटिकाशी नातं तुटतं. तारा येतात, पण उभ्या नाहीत, नुसत्या जटा.

म्हणून (१११) वेफर (स्फटिकाच्या या दिशेवर तारा सरळ उभ्या येतात) अ‍ॅसिटोन आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवून २ टक्के एचएफमध्ये (हायड्रोफ्लोरिक आम्ल) एक मिनिट. बीकर टेफ्लॉनचा, कारण काच एचएफ खातो. आणि एचएफने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडायचीच नाही. बाहेर काढल्यावर पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळलं की ऑक्साइड गेला. पृष्ठभाग ओला राहिला तर पुन्हा डिप. पवईच्या जुलैतल्या हवेत वेफर उघडा ठेवून चहाला जाऊ नये; लगेच सोन्याचा थर चढवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये.

सोन्याचा थर १ नॅनोमीटर पुरतो. झवेरी बाजारातलं २४ कॅरेट दागिन्याला ठीक, इथे ९९.९९ टक्केच हवं. एक गोष्ट हमखास विसरली जाते: सोन्यातून सिलिकॉन वर झिरपतं आणि हवेत सोन्याच्याच डोक्यावर ऑक्साइड धरतं. आज सोनं आणि पुढच्या आठवड्यात ग्रोथ असा बेत असेल, तर फर्नेसआधी पुन्हा एचएफ.

फर्नेसमध्ये हायड्रोजनखाली ५०० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की थराचे थेंब होतात. मग ४६० च्या आसपास उतरवून पातळ केलेला सायलेन सोडायचा. तो हवेत आपोआप पेटतो, तेव्हा लीक टेस्ट आधी. तापमान फार चढवलं तर सायलेन तारेच्या अंगावरच फुटतो आणि तार गाजरासारखी निमुळती होते. तापमान मोजणारा थर्मोकपल फर्नेसच्या ट्यूबबाहेर असेल तर त्याचा आकडा सॅम्पलचा समजू नये. २० नॅनोमीटरपेक्षा बारीक तारा तिरक्या निघाल्या तर मात्र प्रक्रियेला दोष नको. त्या <११०> ही स्फटिकातली दिशाच पसंत करतात.

सोनं सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-होल (वीज वाहून नेणारे कण) अडकवतं, त्यामुळे सोन्याच्या कामाला ट्यूब आणि चिमटे वेगळेच लागतात. अ‍ॅल्युमिनियमला (सोन्याऐवजी ते वापरता येतं) हा दोष नाही, पण सिलिकॉनबरोबर त्याचा रस ५७७ अंशांना, आणि हवा लागताच ते ऑक्साइड धरतं. थर घालण्यापासून ग्रोथपर्यंत व्हॅक्यूम तुटता कामा नये. साध्या लॅबला ते झेपत नाही.

सायलेन बंद केल्यावर गरम ठेवून रेंगाळू नये, सोनं टोकावरून अंगावर पसरतं. नंतर ते पोटॅशियम आयोडाइड-आयोडीनच्या द्रावणात काढायचं, पण त्याआधीही एचएफचा एक डिप.