आत्या, तू बस गे इथंच

काल धुपदाळला, घटप्रभेच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलो आणि आज सकाळपासून भांडी घासताना, देवाला फुलं काढताना तेवढं एकच डोक्यात फिरतंय. "आत्या, तू बस गे इथंच." बाळ्या वाईट काही बोलला नाही, मायेनंच बोलला, पण बोलताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कॅमेऱ्याला ती मोठ्ठी लेन्स बसवत होता. मग थर्मास, डब्याची पिशवी, कुणाचं तरी जॅकेट असं सगळं माझ्या शेजारी रचून पोरं काठाकाठानं चिखलातनं गेली पण, करकोचे शोधायला.

जवळजवळ ३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आणि माझ्या वाट्याला त्यातला एक दगड. १९७४ ला झालं म्हणे, म्हणजे माझ्यापेक्षा लहानच.

बरं, ह्याला इथं पहिल्यांदा आणलं कुणी? मीच की. बेळगावातनं पॅसेंजरनं घटप्रभा स्टेशनला उतरायचो, तेव्हा ह्याचं नाक पुसायला पण मीच. दादा होता तेव्हा. जाऊ दे.

गुडघा दुखतो हे खरं आहे. पण दुखतो म्हणून मी स्वतः बसणं वेगळं आणि कुणी बसवणं वेगळं, नाही का? आणि करकोचे आठ वाजता पाण्यावर नसतात हे मला चांगलं माहीत होतं. रात्री उथळ पाण्यात उभ्यानं झोपतात, उजाडलं की रानात हरभरा, शेंगा वेचायला जातात आणि ऊन तापलं की पाणी प्यायला परत. मंगोलियाकडनं हिमालय ओलांडून आलेलं पाखरू, ते काय आपल्या रविवारच्या सोयीनं वागणार होय! सांगणार होते, पण बसवलेल्या माणसाला कोण विचारतंय, म्हणून गप बसले. तोंड फुगवूनच बसले म्हणा.

मागं रस्त्यावरनं उसाच्या ट्रॉल्या टेप लावून जाताहेत, पुढं पाण्यावर चांदवे पक्षी आपले काळे ठिपके होऊन तरंगताहेत, आणि मी पिशव्या राखतेय. तेवढ्यात तिथला राखणदार आला, स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली आणि म्हणाला, "कुंदर्री अक्का." म्हणजे ह्यानंही बसच म्हटलं! मला एकटीलाच हसू फुटलं, तो बिचारा बघत राहिला. त्याच्या बस म्हणण्याचा राग का आला नाही ते अजून कळलेलं नाही. खुर्ची दिली म्हणून? का त्यानं मला कधी पळताना बघितलेलंच नाही म्हणून?

खुर्चीत बसल्यावर मग समोरच्या मुग्धबलाकाकडं नीट लक्ष गेलं. चोच मिटली तरी मधी फट राहते तो. चिखलात चोच खुपसून चाचपत होता, डोळ्यांचं काही कामच नाही, मान तेवढी हलते, नुसत्या चोचीला लागेल त्यावर सगळं. गोगलगाय सापडली की पाण्यातच काहीतरी खुडखुड करतो, खालच्या चोचीचं टोक आत घालून आतला मऊ गोळा सोडवून घेतो, मान वर, गिळला, परत खाली मान. शंख तिथंच. घाई नाही, पण एक क्षण फुकट पण नाही. पाऊण तास तरी मी दुसरं काही बघितलं नसेल. चहा थर्मासमध्ये तसाच.

पोरं साडेदहाला आली, गुडघ्यापर्यंत चिखल आणि करकोचा एकही नाही. मला फार बरं वाटलं असतं, पण नंतर बारापर्यंत थांबून मलाही दिसला नाही, त्यामुळं तोंड उघडायची सोय राहिली नाही. बाळ्यानं बूट धुता धुता विचारलं, "तुला काय दिसलं आत्या?" तेव्हा मात्र माझ्याकडं बघून विचारलं. मी मुग्धबलाकाचं सांगितलं तर त्यानं लगेच मोबाईलवर बघितलेल्या पक्ष्यांच्या आपल्या लिस्टमध्ये घातलं, स्वतःच्याच नावावर. घाल बाबा.

पुढच्या रविवारी हिडकल धरणावर जाऊया म्हणतोय. फोल्डिंगची खुर्ची बघून ठेवलीय मी, हात असलेली. पैसे त्यालाच द्यायला लावते.